इंझोरी परिसरातील वन्यप्राणी आणि पक्षी

इंझोरी हे महाराष्ट्र राज्यातील वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील एक गाव आहे. मानोरा व शेजारच्या कारंजा तालुक्यातील माळराने, शेते, नाले आणि जलाशय यांच्या आश्रयाने अनेक वन्य सस्तन प्राणी व पक्षी राहतात. काळवीट, रोही, खोकड, लांडगा, तणमोर, धाविक आणि नीलपंख ही त्यांपैकी काही ठळक नावे होत. विदर्भातील वन्यजीव म्हटले की वाचकाच्या डोळ्यांसमोर ताडोबा, मेळघाट आणि वाघ उभे राहतात. वाशिम जिल्ह्याची ओळख मात्र घनदाट अरण्याने होत नाही. येथील वन्यजीवन मुख्यतः गवताळ माळाचे आहे आणि त्याचे भवितव्यही माळाशीच बांधलेले आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. जिल्ह्याचा बराचसा भाग अजिंठ्याच्या डोंगररांगांच्या पूर्वेकडील पठारावर पसरलेला आहे. हे पठार दोन मोठ्या नद्यांच्या खोऱ्यांमधील जलविभाजक आहे. येथे उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेकडे वाहत पूर्णेला आणि पुढे तापीच्या रूपाने अरबी समुद्राला मिळते. तर अडाण नदीचे पाणी पैनगंगा व गोदावरीच्या मार्गाने बंगालच्या उपसागरात जाते. इंझोरीचा परिसर अडाणच्या खोऱ्यात मोडतो.

खडक बेसाल्टचा आहे. सखल भागात काळी, कसदार जमीन असून तेथे सोयाबीन, तूर, कापूस व हरभरा ही पिके घेतली जातात. चढावर मातीचा थर पातळ आणि मुरमाड असल्यामुळे तेथे मोठी झाडे फारशी वाढत नाहीत. वाढते ते गवत. कुसळी, पवन्या, शेडा, मारवेल ही गवते आणि अधूनमधून बोर, बाभूळ, हिवर व पळस असे या माळांचे रूप असते. वऱ्हाडात गावाच्या गुरचरणाची सरकारी जमीन ‘ई-क्लास’ या नावाने ओळखली जाते. महसुली कागदांत किंवा बोलण्यात अशा जमिनीला सर्रास ‘पडीक’ म्हटले जाते. शब्द लहान असला तरी त्याचा परिणाम लहान नाही. जी जमीन पडीक ठरली ती नांगरण्यास, तिच्यातून मुरूम उपसण्यास किंवा तिच्यावर खड्डे खणून रोपे लावण्यास कोणाचीच हरकत उरत नाही. वस्तुतः माळ ही तोडलेल्या जंगलाची उरलेली जागा नव्हे. कमी मातीत आणि ठराविक ऋतूतल्या पावसावर उभी राहिलेली ती स्वतंत्र परिसंस्था आहे. पुढे वर्णिलेले बहुतेक जीव दाट झाडीत राहूच शकत नाहीत.

काळवीट

या भागातील सर्वांत देखणा प्राणी कोणता, या प्रश्नाला बहुधा एकच उत्तर मिळेल. प्रौढ नराची पाठ गडद तपकिरी ते काळी, पोट पांढरेशुभ्र, डोळ्यांभोवती पांढरी कडी आणि डोक्यावर मळसूत्राप्रमाणे पिळलेली लांब शिंगे. मादी फिकट तपकिरी रंगाची असून तिला सहसा शिंगे नसतात. नराची पिल्लेही प्रथम मादीसारखीच दिसतात. वय वाढेल तसा रंग गडद होत जातो. त्यामुळे कळपातील नरांच्या रंगावरून त्यांच्या वयाचा ढोबळ अंदाज बांधता येतो.

सामान्य बोलीत काळविटाला हरीण म्हटले जाते, पण प्राणिशास्त्रीय दृष्ट्या चितळ व सांबर यांच्या कुळाशी त्याचे नाते नाही. चितळाची शिंगे भरीव, फाटे फुटलेली असतात आणि दरवर्षी गळून पुन्हा उगवतात. काळविटाची शिंगे गाई-बकऱ्यांप्रमाणे पोकळ असून आयुष्यभर कायम राहतात. अशा प्राण्यांसाठी मराठीत ‘कुरंग’ हा शब्द योजला जातो. गाय, शेळी आणि काळवीट हे एकाच कुळातील आहेत, हे विद्यार्थ्यांना प्रथम ऐकताना नवल वाटते.

काळवीट ताशी सुमारे ८० किलोमीटर वेगाने धावू शकतो. बिथरलेला कळप प्रथम चारही पायांवर उंच उड्या घेतो आणि मग सरळ धाव घेतो. आजच्या माळावर एवढ्या वेगाचा पाठलाग करणारा कोणताही शिकारी प्राणी उरलेला नाही. हा वेग चित्त्याच्या सोबतीने घडलेला आहे. चित्ता हाच काळविटाचा प्रमुख शत्रू होता आणि मोगल काळात तर पाळीव चित्त्यांकडून काळविटांची शिकार करवली जात असे. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर करण्यात आले. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आणलेले चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे सोडले गेले, पण विदर्भाच्या माळावर काळवीट आता अनुपस्थित शत्रूपासूनच पळत असतो, असे म्हणावे लागते.

विणीच्या हंगामात नर माळाचा एक तुकडा स्वतःचा मानून राखतो. ठराविक जागी लेंड्या टाकणे, डोळ्यांजवळील ग्रंथींचा स्राव काटक्यांना व गवताला पुसणे, मान वर व शिंगे मागे टाकून ऐटीत चालणे ही त्याची हद्द सांगण्याची रीत आहे. गर्भकाळ सुमारे सहा महिन्यांचा असून मादी एका वेळी सहसा एकच पिल्लू देते. पहिले काही दिवस पिल्लू उंच गवतात निश्चल पडून राहते आणि आई दूर चरते. असे ‘एकटे सापडलेले’ पिल्लू अनाथ समजून घरी आणण्याचे प्रकार घडतात. वास्तविक आई जवळपासच असते. पिल्लू आहे तेथेच राहू देणे हाच त्याच्या जिवाचा उपाय होय.

संस्कृत वाङ्मयात कृष्णमृग वा कृष्णसार म्हणून या प्राण्याचा वारंवार उल्लेख येतो. ज्या भूमीत कृष्णसार स्वभावतः संचार करतो ती भूमी यज्ञास योग्य, अशी धारणा स्मृतिग्रंथांत नोंदलेली आहे. एकेकाळी भारतीय उपखंडाच्या मोठ्या भागात पसरलेला हा प्राणी बांगलादेशातून नाहीसा झाला. उलट अमेरिकेतील टेक्सास आणि दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना येथे माणसांनी नेऊन सोडलेल्या काळविटांची संख्या चांगली वाढली. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत काळविटाचा समावेश असून त्याची शिकार हा गंभीर गुन्हा आहे.

कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य

कारंजा (लाड) जवळील सोहोळ परिसरात सन २००० मध्ये काळविटांसाठी अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र १८.३२ चौरस किलोमीटर आहे. आकड्याचा अर्थ लक्षात यावा म्हणून सांगायचे तर ही जागा साधारण सव्वाचार किलोमीटर लांब व तेवढ्याच रुंद चौकोनाएवढी भरेल. अहिल्यानगर जिल्ह्यातील रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्यापेक्षा ती बरीच मोठी असली, तरी काळविटांना अभयारण्याची सीमारेषा वाचता येत नाही. ते चरत चरत आसपासच्या गावांच्या शिवारात जातात आणि इंझोरीसारख्या गावांतील लोकांना ते अभयारण्यात न जाताही दिसतात.

इतर सस्तन प्राणी

रोही. नीलगाईला वऱ्हाडात रोही म्हणतात. आशियातील हा सर्वांत मोठा कुरंग असून पूर्ण वाढलेल्या नराचे वजन २०० किलोग्रॅमच्या वर जाते. नर निळसर करडा, मादी तपकिरी. नावात ‘गाय’ असल्याने तिला अनेक ठिकाणी श्रद्धेचे संरक्षण मिळाले. रोही एकाच जागी पुन्हा पुन्हा विष्ठा टाकतात आणि त्यामुळे बांधाच्या कडेला साचलेले ढीग हा त्यांच्या वावराचा पुरावा ठरतो.

चौसिंगा. जगात चार शिंगे असणारा हा एकमेव वन्य प्राणी. शिंगे फक्त नराला असतात. दोन कानांच्या मध्ये आणि दोन लहान कपाळावर. तो बुजरा असून डोंगराळ, विरळ जंगलात पाण्याच्या जवळपास राहतो. अकोला व वाशिम जिल्ह्यांच्या सीमेवरील काटेपूर्णा अभयारण्य त्यासाठी प्रसिद्ध आहे. माळावर तो सहसा दिसत नाही.

लांडगा. भारतीय लांडगा हा खऱ्या अर्थाने माळाचा प्राणी आहे. नाल्यांच्या काठच्या घळींत तो गुहा करतो, ससे व काळविटांची पिल्ले मारतो आणि संधी मिळाल्यास मेंढ्या-शेळ्याही उचलतो. धनगर समाजाचा त्याच्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे, आणि तो केवळ वैराचा नाही. गोष्टींच्या पुस्तकांनी मात्र या प्राण्यावर अन्यायच केला आहे.

खोकड आणि कोल्हा यांत गल्लत होते. खोकड आकाराने मांजरापेक्षा थोडे मोठे, नाजूक चेहऱ्याचे, झुबकेदार शेपटीचे असून शेपटीचे टोक काळे असते. ते उघड्या माळावर बिळे खणते. एका बिळाला अनेक तोंडे ठेवते. उंदीर, नाकतोडे, वाळवी आणि हिवाळ्यात बोरे हा त्याचा आहार. शेतकऱ्याचा असा निरुपद्रवी सोबती दुसरा क्वचितच सापडेल. कोल्हा अंगाने मोठा, गावाच्या अधिक जवळ येणारा आणि संध्याकाळी हुकी देणारा.

तडस मृत जनावरांवर जगते. मागील पाय आखूड असल्याने त्याची चाल लंगडल्यासारखी भासते आणि त्यामुळे लोकांच्या मनात उगाच भय निर्माण होते. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे देशभरातील गिधाडे झपाट्याने मेली. २००६ मध्ये पशुवैद्यकीय वापरासाठी त्यावर बंदी आली. गिधाडे नसलेल्या गावांत मेलेल्या जनावरांची विल्हेवाट लावण्याचे काम तडस, कोल्हे आणि भटकी कुत्री यांच्यावर पडले आहे. यांपैकी कुत्र्यांची वाढ माळावरील इतर जीवांना घातक ठरते, कारण ती काळविटांची पाडसे आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी सोडत नाहीत.

याखेरीज ससा, साळींदर, मुंगूस, उदमांजर, रानमांजर, वानर आणि रानडुक्कर हे प्राणी सर्वत्र आढळतात.

तणमोर

माळढोकाच्या कुळातील हा पक्षी भारतातील त्या कुळाचा सर्वांत लहान सदस्य आहे. वजन साधारण अर्धा किलोग्रॅम. एरवी मातकट रंगामुळे तो नजरेस पडत नाही. पावसाळ्यात मात्र नराचे डोके, मान आणि पोट काळेभोर होते, खांद्यालगत पांढरा पट्टा उठून दिसतो आणि कानामागून टोकाशी पसरट झालेली काही पिसे मागे वळतात. मादीला आकर्षित करण्यासाठी नर गवतातून सरळ वर उडी घेतो, पंख फडफडवत बेडकासारखा आवाज करतो आणि पुन्हा त्याच जागी उतरतो. ही उडी माणसाच्या उंचीइतकी असते आणि दिवसातून शेकडो वेळा होते. उंच गवतात उभ्या असलेल्या लहान पक्ष्याला स्वतःचे अस्तित्व दाखवण्याचा दुसरा मार्ग नाही. गवत नसेल तर मादीला अंडी लपवायला जागा नाही. गवत असूनही ते वेळेआधी कापले वा चरले गेले तर उबवणच वाया जाते.

तणमोराची वीण गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रातील अकोला-वाशिम यांसारख्या मोजक्या भागांत होते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०२१ मध्ये त्याचा समावेश ‘अतिसंकटग्रस्त’ गटात केला. म्हणजे वाघापेक्षाही वरच्या धोक्याच्या पायरीवर हा पक्षी उभा आहे. वाघाच्या नावाने मात्र राखीव क्षेत्रे आहेत, पर्यटन आहे. तणमोराचे नाव जिल्ह्यातील पुष्कळ सुशिक्षितांनीही ऐकलेले नसते. माळ आक्रसल्याने तो सोयाबीनच्या शेतातही घरटे करू लागला आहे. तेथे फवारणी, निंदण आणि काढणी या तिन्ही वेळी अंडी-पिल्लांना धोका संभवतो.

तणमोराच्या कथेत फासेपारधी समाजाचे स्थान महत्त्वाचे आहे. फासे लावून तित्तिर, लावे व इतर माळपक्षी पकडणे हा या समाजाचा परंपरागत व्यवसाय होता. पक्ष्याची शीळ हुबेहूब काढणे, दुमडलेल्या गवताच्या पात्यावरून त्याची वाट ओळखणे ही विद्या बापाकडून मुलाकडे जात असे. इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले आणि पारध्यांच्या माथीही तो शिक्का बसला. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, पण संशय गेला नाही. त्यानंतर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली. कायदा आवश्यकच होता. तथापि उपजीविका गेलेल्या माणसांनी पुढे काय करावे, याचे उत्तर त्यात नव्हते. अकोला व वाशिम जिल्ह्यांत ‘संवेदना’ या संस्थेने फासेपारध्यांसोबत तणमोराच्या संरक्षणाचे काम उभे केले. घरटी शोधणे, शेतकऱ्यांना सांगून ती वाचवणे, गावाच्या माळावर गवत राखणे या कामांत पारध्यांचे जुने ज्ञानच उपयोगी पडते. जो पक्षी दुर्बिणीतून अभ्यासकांना दिवसभरात दिसत नाही, तो कोठे बसला असेल हे सांगणारी माणसे याच समाजात आहेत.

माळावरील अन्य पक्षी

धाविक हा टिटवीच्या नात्यातला, विटकरी छातीचा सुबक पक्षी. तो उडण्यापेक्षा धावणे पसंत करतो. थोडे धावतो, थबकतो, वाकून किडा टिपतो आणि पुन्हा धावतो. त्याला अगदी उघडी, खुरटी जमीन लागते. पखुर्डीची गोष्ट याहून विलक्षण आहे. पिल्लांसाठी पाणी आणायचे असल्यास नर पाण्यात पोट भिजवतो आणि स्पंजासारख्या पिसांत पाणी साठवून घरट्याकडे परततो. पिल्ले ती पिसे चोखतात. चंडोल, खाटीक, सातभाई, वेडा राघू, हुदहुद, कोतवाल आणि मोर हे तर वर्षभराचे रहिवासी.

नीलपंखाला चाष असेही नाव आहे. बसलेला असताना तो साधारण दिसतो, पंख उघडताच निळ्या रंगाच्या दोन छटा चमकतात. दसऱ्याला त्याचे दर्शन शुभ मानले जाते. या श्रद्धेपायी काही ठिकाणी पक्षी पकडून पिंजऱ्यातून दारोदार दाखवले जातात, ही खेदाची गोष्ट आहे. तारेवर मोकळा बसलेला नीलपंख फुकट दिसतो.

चातक मृगाच्या सुमारास येतो. पावसाचे थेंब झेलून तहान भागवतो ही कविकल्पना असली, तरी त्याचे आगमन मोसमी वाऱ्यांशी निगडित आहे हे खरे. आफ्रिकेतून येणारे चातक या वाऱ्यांसोबतच भारतात पोहोचतात. तो स्वतः घरटे बांधत नाही, सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो.

हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या जातीचे शिकारी पक्षी येतात. दिवसभर ते गवतावरून संथ, डोलत उडतात, नाकतोडे व उंदीर टिपतात आणि सायंकाळी अनेक जण एकाच माळावर, जमिनीवरच, रात्रीच्या मुक्कामाला उतरतात. भोरड्यांचे थवेही याच काळात येतात. ज्वारीच्या कणसांवर त्या तुटून पडत, म्हणून पूर्वी गोफण घेऊन पाखरे राखण्याचे काम मुलांकडे असे. विदर्भात ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली आणि ते दृश्य जवळजवळ संपले. फाल्गुनात पळस फुलला की भोरड्या त्यावर आजही गर्दी करतात.

अडाणच्या जलाशयासारख्या पाणथळ जागी बगळे, बलाक, पाणकावळे आणि हिवाळी बदके उतरतात. केशरी रंगाचा चक्रवाक त्यांत दुरूनही ओळखू येतो. वाशिम शहराजवळचा एकबुर्जी जलाशयही पक्षिनिरीक्षणासाठी सोयीचा आहे.

पक्ष्यांची नावे तालुक्यागणिक बदलतात. वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांच्या ‘पक्षिकोश’ या ग्रंथात मराठी नावांचे मोठे संकलन आहे. बोलीतील नावे नोंदवून ठेवण्याचे काम गावोगावच्या विद्यार्थ्यांना सहज करता येण्यासारखे आहे.

शेती आणि वन्यप्राणी

शहरातील वाचकाला मोहक वाटणारा प्राणी शेतकऱ्याच्या दृष्टीने वेगळा असतो. अंकुरलेले सोयाबीन काळवीट खातात, हरभरा रोही तुडवतात, आणि रानडुकरांचा कळप एका रात्रीत पीक उद्ध्वस्त करतो. पेरणीपासून काढणीपर्यंत अनेक कुटुंबे मचाणावर जागल करतात. रात्रीची झोप आणि विंचू-सापाचे भय यांचा हिशेब कोणत्याही नुकसानभरपाईत धरला जात नाही. वनविभागाकडे अर्ज केल्यावर पंचनामा होऊन भरपाई मिळण्याची तरतूद आहे. क्षणिक झटका देणारे सौर कुंपण, ज्याला गावात ‘झटका मशीन’ म्हणतात, हा तुलनेने सुरक्षित उपाय. याउलट तारेत थेट वीजप्रवाह सोडणे बेकायदेशीर असून त्यात प्राण्यांबरोबर माणसांचेही बळी गेले आहेत.

माळ नांगरले गेले की तृणभक्षी प्राण्यांना शेताखेरीज चारा उरत नाही, हा या संघर्षामागील साधा हिशेब आहे. माळावर झाडे लावण्याच्या मोहिमांनीही त्यात भर पडते. गिरिपुष्प किंवा सुबाभळीची दाट लागवड झाली की सावलीत गवत मरते, काळविटाला दूरवर पाहता येत नाही आणि तणमोर ती जागा सोडतो. वृक्षारोपणाचा उत्साह स्तुत्य आहे. त्यासाठी जागा निवडताना मात्र माळ वगळायला हवा.

समृद्धी महामार्ग

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग वाशिम जिल्ह्यातून जातो. ७०१ किलोमीटर लांबीच्या या मार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी मार्ग पूर्ण झाला. कारंजा-सोहोळ व काटेपूर्णा या दोन्ही अभयारण्यांच्या क्षेत्राशी त्याचा संबंध येतो. दोन्ही बाजूंना कुंपण असल्याने प्राण्यांच्या हालचालीसाठी ठिकठिकाणी उन्नत व भुयारी मार्ग ठेवलेले आहेत. मोकळ्या जागेत दूरवर पाहत जगणारा काळवीट अरुंद, अंधाऱ्या बोगद्यातून जाण्यास बिचकतो. म्हणून त्याच्या दृष्टीने रुंद व उघडे मार्ग अधिक उपयुक्त ठरतात.

निरीक्षण

काळवीट पाहण्यासाठी हिवाळ्यातील सकाळ व सूर्यास्तापूर्वीचा तास उत्तम. कळपाच्या दिशेने सरळ चालत न जाता बांधाआड बसून राहिल्यास कळप स्वतःच जवळ येतो. कपडे मातकट रंगाचे असावेत. गवत कोरडे असताना माळावर विडी, सिगारेट वा चूल पेटवू नये. तणमोराच्या विणीच्या काळात, म्हणजे जुलै ते सप्टेंबर, गवतात शिरणे, मोबाइलवर पक्ष्याचे ध्वनिमुद्रण वाजवून त्याला बोलावणे आणि घरट्याचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकणे या तिन्ही गोष्टी टाळाव्यात. अभयारण्यात प्रवेशासाठी वनविभागाची परवानगी आवश्यक असते. जखमी प्राणी किंवा शिकारीचा प्रकार आढळल्यास महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवता येते.